कोरडा फ्लॅश आणि माझा पहिला डिजिटल कॅमेरा

माझ्या स्टुडिओत आता फोटो काढून घ्यायला फारसं कुणी येत नाही, सल्ला घ्यायला मात्र येतात. इंजिनिअरिंगची पोरं येतात, त्यांचे वडील येतात, मध्ये एक दातांचे डॉक्टर येऊन गेले. सगळ्यांचा प्रश्न एकच. बजेट थोडं आहे, पहिला डीएसएलआर घ्यायचाय, कुठला घेऊ? मी त्यांना बसवून घेतो, चहा सांगतो आणि विचारतो, कुणाचे फोटो काढणार? त्यावर बहुतेक जण अडखळतात. मग पक्षी सांगतात, पन्हाळ्यावरचं धुकं सांगतात, रंकाळ्यावरचा सूर्यास्त सांगतात. मी म्हणतो, मग कुठलाही घ्या. धुकं काही फोटो बघायला परत येत नाही.

मी पहिला डिजिटल कॅमेरा घेतला तो माणसांसाठी घेतला होता, आणि खरं सांगायचं तर एकाच माणसासाठी. संपादकांनी दिवाळी अंकासाठी गळ घातली तेव्हा त्यांना लग्नाच्या फोटोग्राफीतल्या गमतीजमती हव्या होत्या. गमती पुष्कळ आहेत. हार घालताना तिसऱ्यांदा 'पुन्हा घाला' म्हटल्यावर हार काढून माझ्याच गळ्यात घालणारा नवरदेव मी पाहिला आहे. स्वतःच्या लग्नातले सगळे फोटो डाव्या बाजूनेच काढा, उजवीकडून मी माझ्या चुलत्यासारखा दिसतो, असं बजावणाराही पाहिला आहे. पण गमती सांगायला बसलं की ही एक गोष्ट आडवी येते. ती आधी सांगून टाकतो, नंतर गमती सांगायची इच्छा राहिली तर बघू.

त्याआधी कोरडा फ्लॅश म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आजच्या पोरांना ते माहीत नाही आणि जुन्यांनी ते कुणाला सांगितलेलं नाही.

रोलचा कॅमेरा होता तेव्हा एका रोलवर छत्तीस फोटो निघायचे. रिसेप्शनला गावभरचा पाहुणा रांगेनं स्टेजवर चढायचा, आहेराचं पाकीट द्यायचा, नवरानवरीच्या शेजारी उभा राहायचा आणि कॅमेऱ्याकडं बघायचा. सगळ्यांचे फोटो काढत बसलं तर रोलवर रोल जाणार. रोल, धुलाई, प्रिंट, सगळा खर्च यजमानाच्या डोक्यावर. बरं, माणूस उभा राहिला आणि फोटोच काढला नाही तर त्याचा अपमान. यावर आमच्या धंद्यानं उपाय शोधला होता. फ्लॅशच्या पाठीमागे एक बारकं बटण असतं, फ्लॅश चालतो की नाही ते तपासण्यासाठी. कॅमेरा डोळ्याला लावायचा, 'इकडं बघा' म्हणायचं आणि शटर न दाबता अंगठ्यानं ते बटण दाबायचं. लख्ख उजेड पडतो, पाहुणा समाधानानं खाली उतरतो आणि रोल असतो तिथंच राहतो. याला आम्ही कोरडा फ्लॅश म्हणायचो.

कुणाला खरा आणि कुणाला कोरडा, हे आम्ही ठरवत नव्हतो. ते यजमान ठरवायचा आणि त्याची खूण आधीच बोलून ठेवलेली असायची. कुणी उपरणं झटकायचं, कुणी खाकरायचं. पाहुण्याला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. अल्बम बघितला तरच कळणार, आणि ज्यांच्यासाठी कोरडा फ्लॅश असायचा त्यांना अल्बम बघायला कोण बोलावणार? सगळं कसं बिनबोभाट चाललेलं असायचं.

नव्वदीच्या सुरुवातीला मी महाद्वार रोडजवळच्या एका स्टुडिओत नोकरीला होतो. आमचे मालक या कामात तरबेज होते. कोरडा फ्लॅश मारल्यावर ते रोल पुढं सरकवायचा खटकासुद्धा बोटानं हलवल्यासारखं करायचे. त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. पार्टी पैसे देते, पार्टी सांगेल त्याचा फोटो काढायचा, एवढा साधा हिशोब होता. मी दुसऱ्या फ्लॅशचा स्टँड धरून बाजूला उभा असायचो आणि हे सगळं मला दिसायचं.

माझे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, ते गूळ मार्केटात तोलाईदार होते. गडहिंग्लजकडचं गाव सोडून तरुणपणी कोल्हापूरला आले आणि एका अडत पेढीवर काट्याशी उभे राहिले ते उभं आयुष्य तिथंच राहिले. सौदा झाला की गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, काट्यावर चढायचे, अप्पा वजन खणखणीत आवाजात सांगायचे आणि दिवाणजी लिहून घ्यायचे. अप्पांच्या आकड्यावर ना शेतकरी वाद घालायचा, ना व्यापारी. पेढीच्या शेठचं नाव मी लिहीत नाही. पेढी अजून चालू आहे आणि मला अजून याच गावात राहायचं आहे.

शेठच्या घरातल्या प्रत्येक लग्नाची पत्रिका काट्यावर यायची. अप्पांना त्याचं केवढं अप्रूप. पांढरं धोतर, इस्त्रीचा शर्ट, अव्वानं, म्हणजे आईनं, ट्रंकेतून काढलेला गुलाबी फेटा, कपाळाला विभूती. पाकिटात किती घालायचे यावर घरात चर्चा व्हायची आणि प्रत्येक वेळी ठरल्यापेक्षा थोडे जास्तच जायचे. मग अप्पा स्टेजवर चढायचे, पाकीट द्यायचे, आणि नवरदेवापासून जरा अंतर राखून, काट्याशी उभे राहायचे तसे ताठ उभे राहायचे.

शेठच्या घरची कामं आमच्याच स्टुडिओकडं होती. शेठची खूण म्हणजे डोक्यावरची टोपी सारखी करायची. अप्पा पायऱ्या चढायला लागले की शेठ टोपी सारखी करायचे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, खरंच टोपी सरकली असेल. मग मालकांचा अंगठा फ्लॅशच्या मागं गेलेला दिसला. उजेड पडला. अप्पा कॅमेऱ्याकडं नाही, माझ्याकडं बघून हसत होते. पोरगा फोटोवाल्यांत आहे याचा अभिमान.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, फोटू चांगला आलाय का? मी म्हटलं, रोल अजून धुवायचाय. पुढं शेठच्या मुलींची लग्नं झाली, पुतण्यांची झाली, प्रत्येक वेळी टोपी सारखी झाली. अप्पा मार्केटातल्या चहाच्या गाड्यावर सांगायचे की पेढीच्या समद्या अल्बमांत मी हाय. शेठना एकदा त्यांनी धीर करून विचारलंही, अल्बम बघाय मिळंल का. शेठ म्हणाले, या की एकदा बंगल्यावर. तो 'एकदा' कधी आला नाही. अप्पांनीही पुन्हा विचारलं नाही, पण माझ्याकडं विषय काढायचे. आपण त्या अल्बमात कसे दिसतो ते एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. पुरी न होण्याइतकी काही ती मोठी नव्हती.

मला राग यायचा. मालकांचा नाही, शेठचा. ज्या माणसाच्या आकड्यावर पेढीची उलाढाल चालते त्याच्यासाठी रोलवरची एक जागा परवडत नाही? पण तो राग गिळून स्टँड धरण्याचा मला पगार मिळत होता. पुढं मी राजारामपुरीत स्वतःचा स्टुडिओ काढला. तिथंही कोरडा फ्लॅश चाललाच. न चालवणाऱ्याला कोल्हापुरात एक ऑर्डर मिळाली नसती.

दोन हजार सालानंतर चारपाच वर्षांत डिजिटलचं वारं इकडं पोचलं. पार्ट्या पत्रिका ठेवतानाच विचारायला लागल्या, तुमच्याकडं डिजिटल हाय का? धंद्यातली जुनी माणसं हबकली. कुणी म्हणालं हे खूळ टिकणार नाही, कुणी म्हणालं आता धंदाच टिकणार नाही. मी मात्र मनातून हरखलो होतो. रोल नाही म्हणजे रोल वाचवणं नाही. रोल वाचवणं नाही म्हणजे कोरडा फ्लॅश नाही. स्टेजवर येईल त्याचा फोटो निघणार. आणि कॅमेऱ्याच्या पाठीमागं छोटा पडदा, म्हणजे फोटो तिथंच, उभ्या उभ्या दाखवता येणार. मी इतका भाबडा होतो की माणसाच्या मनात असतं ते यंत्र बदलल्यावर बदलेल असं मला वाटलं.

बजेट पन्नास हजारांच्या आत, आणि त्यात सगळं बसवायचं. त्यासाठी रोलचा एक कॅमेरा आणि डार्करूममधलं फोटो मोठे करायचं यंत्र विकलं. यंत्र भंगारवाल्यानं वजनावर नेलं. अप्पा शेजारी होते, ते म्हणाले, काटा मारतोय त्यो. मी म्हटलं, मारू दे.

शाहूपुरीत एक डीलर होता, सगळे त्याला भाई म्हणायचे. त्याच्या काउंटरवर माझ्यापुढं पहिल्यांदा आला तो डीएसएलआरसारखा दिसणारा, पण लेन्स न बदलता येणारा कॅमेरा. बजेटात आरामात बसत होता आणि झूम असा की स्टेजवरून शेवटच्या खुर्चीतला माणूस जवळ यावा. मी दुकानातल्या नोकराला टाळी वाजवायला सांगितलं आणि दोन्ही तळवे टेकले त्याच क्षणी बटण दाबलं. फोटोत हात परत लांब गेलेले. बटण दाबल्यावर विचार करून फोटो काढणारा कॅमेरा होता तो. लग्नात हार गळ्यात पडतानाचा क्षण असा निसटला तर पार्टी मला सोडणार नाही. तो बाजूला ठेवला.

दुसरा माझ्या मित्राने, रफीकने शोधला होता. रफीक लग्नात व्हिडिओ शूटिंग करायचा आणि आमची जोडी ठरलेली. पुण्याच्या एका पेपरच्या फोटोग्राफरनं विकायला काढलेला जुना, मोठा, दणकट डीएसएलआर माझ्या पैशांत मिळत होता. नव्याची किंमत विचारायची नाही. रफीक म्हणाला, "पार्टी फोटो बघून न्हाय, कॅमेरा बघून पैसे देती. ह्यो धोंडा गळ्यात अडकव, निम्मं काम झालं." तो खोटं बोलत नव्हता. पण डीएसएलआरच्या शटरला आयुष्य असतं. पेपरवाल्यानं किती लाख फोटोंचं आयुष्य वापरलं आणि माझ्या वाट्याला किती उरलंय ते सांगणार कोण? हे कारण मी रफीकला दिलं आणि ते खरंही होतं. पण खरं कारण निराळं होतं. त्या कॅमेऱ्याच्या मागचा पडदा पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरा मोठा आणि मंद होता. अप्पांची नजर अधू झालेली. त्यांना त्यात काही दिसलं नसतं.

तिसरा म्हणजे कंपनीचा सगळ्यात स्वस्त नवा डीएसएलआर. प्लॅस्टिकचा, हलका, पण बटण दाबलं की तत्क्षणी फोटो, आणि मागचा पडदा स्वच्छ. रफीक म्हणाला, खेळण्यातला वाटतोय. मी तोच घेतला. जुने फ्लॅश डिजिटलला लावले तर कॅमेरा जळू शकतो असं भाईनं सांगितलं, म्हणून नवा फ्लॅश घ्यावा लागला. कार्ड आलं, जादा बॅटरी आली. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी छोटी लेन्स घ्या, स्वस्तात जाते, असं भाई दोनदा म्हणाला. मी म्हटलं, नको. माझ्याकडं जुन्या कॅमेऱ्याची भारी लेन्स आहे, तीच याला बसते. पैसे वाचले म्हणून खुशीत घरी आलो.

ही चूक आमच्या पिढीच्या निम्म्या फोटोग्राफरांनी केली आहे. लेन्स बसते, पण तिच्यातून पूर्वीइतकं दिसत नाही. या स्वस्त डिजिटल कॅमेऱ्यांत फोटो जिथं उमटतो ती काच रोलच्या चौकटीपेक्षा लहान असते, त्यामुळं लेन्स बघते त्यातला मधलाच भाग पदरात पडतो. पहिल्याच लग्नात घरच्या मंडळींचा ग्रुप लावला आणि कडेची माणसं मावेनात. मागं सरकलो, आणखी सरकलो, पहिल्या रांगेत बसलेल्या एका आजोबांच्या मांडीवर बसायची वेळ आली. तरी कडेची दोन माणसं अर्धीच. ग्रुपच्या कडेला कोण उभं राहतं ते कधीतरी बघा. विधवा आत्या असते, घरात राबणारी लांबची भाची असते, ज्यांना कुणी 'मध्ये या' म्हणत नाही अशी माणसं असतात. दुसऱ्या दिवशी मी भाईकडं जाऊन ती छोटी लेन्स सुटी, जादा दर देऊन घेतली. बजेट तिथं मोडलं. 

तर आता माझ्याकडं असा कॅमेरा होता ज्यात कडेचा माणूस मावत होता, रोल संपत नव्हता आणि फोटो जागेवर दाखवता येत होता. अशात शेठच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं. आमचे जुने मालक वारले होते, त्यामुळं काम माझ्याकडं आलं. शेठ थकले होते, पण सवय सुटलेली नव्हती. कार्यालयात मला बाजूला घेऊन म्हणाले, खूण तीच. मी म्हटलं, शेठ, आता खुणेची गरज नाही. रोलच नाही. येईल त्याचा फोटो काढतो, तुम्हाला जादा खर्च नाही. शेठ म्हणाले, काढा की, मग बघू. त्या 'मग बघू'कडं मी लक्ष दिलं नाही. मी माझ्याच नादात होतो.

अप्पा गुलाबी फेटा बांधून आले. मार्केटातून त्यांनी तेव्हा नुकतंच काम सोडलं होतं, पण पत्रिका आली होती. पायऱ्या चढले, नवरदेवापुढं पाकीट धरलं, नवरदेवानं ते घेतलं आणि त्या क्षणी मी शटर दाबलं. मग अप्पा ताठ उभे राहिले, तोही फोटो काढला. खाली उतरल्यावर मी रांग थांबवली आणि त्यांना पडदा दाखवला. चष्मा कपाळावर सारून त्यांनी डोळे अगदी जवळ नेले.

"ह्यो मीच न्हवं?" ते म्हणाले.

"तुम्हीच अप्पा."

"फेटा झ्याक दिसतोय की."

त्यांनी काट्यावरच्या दोन हमालांना हाका मारून बोलावलं आणि त्यांनाही दाखवायला लावलं. पाकीट देतानाचा त्यांना जास्त आवडला. रांगेतली माणसं खोळंबली होती, रफीक माझ्याकडं बघून मान हलवत होता. मला वाटलं, सगळा खर्च वसूल झाला. लग्नाच्या धंद्यात इतकं सुख मला आधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही. जाताना अप्पा विचारून गेले, अल्बम कधी हुईल?

डिजिटलनं आमच्याकडं एक नवी रीत आणली होती. आधी कुठले फोटो अल्बमात घालायचे ते फोटोग्राफर ठरवायचा. आता पार्टी येऊन कॉम्प्युटरसमोर शेजारी बसायची आणि एकेक फोटो बघून हा ठेवा, हा काढा, असं सांगायची. आठवड्या-दोन आठवड्यांनी नवरदेव स्वतः आला. पुण्यात शिकलेला, बोलायला सभ्य. पेढीवर तो कधी बसलेला नव्हता. अप्पा रोज दुपारी स्टुडिओत येऊन मागच्या बाकावर पेपर वाचत बसायचे, तसे बसले होते. नवरदेव आत आला तसे ते उठून उभे राहिले, नमस्कार केला. त्यानं हसून मान हलवली आणि खुर्ची ओढली. फेट्यातला माणूस आणि बाकावरचा टोपीतला म्हातारा एकच आहे हे त्याला कळायचं कारण नव्हतं. अप्पांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि पडद्याकडं बघत सावरून बसले. अल्बम बनताना ते पहिल्यांदा बघत होते.

फोटो भराभर पुढं जात होते. हा राहू दे, हा नको, हा माझ्या साहेबांचा, मोठा करा. मग अप्पांचा पाकीट देतानाचा फोटो आला.

"हे कोण?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, तुमच्या पेढीवरचे तोलाईदार. आता रिटायर झालेत.

"असतील," तो म्हणाला. "काढून टाका. उगाच अल्बम वाढतो."

त्याच्या बोलण्यात तिरस्कार नव्हता. तिरस्कार असता तर मला उठून भांडता आलं असतं. तो घरातला पसारा आवरावा तसा बोलत होता. माझा हात माउसवर थांबला. हे माझे वडील आहेत, तुमच्या मागंच बसलेत, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून अप्पांचा आवाज आला.

"काढ की शिवा. पार्टी सांगतीया न्हवं."

नवरदेवानं वळून बघितलं, पुन्हा एकदा हसला आणि पडद्याकडं वळला. मी बटण दाबलं. त्यामागोमाग ते ताठ उभे असलेला फोटो आला, तोही काढला. पुढचा फोटो कुणा कारखान्याच्या संचालकाचा होता, तो त्यानं मोठा करायला सांगितला.

संध्याकाळी स्टुडिओ बंद करून आम्ही दोघं चालत घराकडं निघालो.  आईसाहेबांच्या पुतळ्याच्या अलीकडं अप्पा थांबले आणि त्यांनी विचारलं.

"आधीच्या अल्बमात तरी मी हाय का रं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. आजवर रोल धुवायचाय म्हणत आलोच होतो. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात राग होता आणि रागात माणूस खरं बोलतो. मी त्यांना फ्लॅशच्या मागच्या बटणाचं सांगितलं, शेठच्या टोपीचं सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"समद्या लग्नांत?"

"समद्या."

ते पुढं चालायला लागले. जरा वेळानं म्हणाले, "मग त्येंच्यापरास ह्यो पोरगा बरा. तोंडावर तरी बोलला."

माझ्या कॅमेऱ्याची एवढी परखड पारख आजवर कुणी केलेली नाही. कोरड्या फ्लॅशनं अप्पांना खोटं का होईना, पण समाधान दिलं होतं. त्या खोट्यावर ते मार्केटात मान वर करून वावरत होते. मी पैसे जमवून, तीन कॅमेरे पारखून, लेन्सपायी बजेट मोडून काय आणलं, तर तेच नाकारणं त्यांच्या कानांवर घालणारं यंत्र. पूर्वी एक टोपी सारखी व्हायची. आता 'हे कोण' असं मोठ्यानं विचारलं जातं, आणि ज्याच्याबद्दल विचारलं तो मागं बाकावर बसलेला असतो.

कॉम्प्युटरवर काढून टाकलेला फोटो लगेच जात नाही, हे पार्ट्यांना माहीत नसायचं. दुसऱ्या दिवशी मी तो पाकीट देतानाचा परत मिळवला, चांगल्या कागदावर मोठा प्रिंट काढला आणि अप्पांपुढं ठेवला. त्यांनी हातही लावला नाही. म्हणाले, "ज्येच्या लगनातला हाय त्येनंच नगं म्हटलाय. मग आपुन कशापायी ठिवायचा?" मी तो ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. अल्बम वेळेवर दिला, तो सगळ्यांना आवडला, पैसेही चोख मिळाले.

त्यानंतर अप्पा कुठल्याच लग्नात स्टेजवर चढले नाहीत. जायचे, अक्षता टाकायचे, जेवायचे, पाकीट दारातच घरच्या कुणाकडं देऊन परत यायचे. मी फोटो काढायला उभा असलो तर माझ्याकडं बघायचेही नाहीत. दुसऱ्या एका पार्टीनं एकदा त्यांना हाताला धरून वर नेऊ पाहिलं, तर गुडघा दुखतोय म्हणाले. गुडघा दुखत नव्हता. गुलाबी फेटा अव्वानं ट्रंकेत ठेवला तो तिथंच राहिला.

पुढं दोनेक वर्षांनी ते गेले. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून शोधायला बसलो तर फोटोग्राफरच्या घरात असायचं तेच. नातवंडांबरोबरचे आहेत, बनियनवरचे आहेत, झोपलेले आहेत. सगळे गमतीत काढलेले. फेट्यातला, डोळ्यात तेज असलेला असा एकच होता, पाकीट देतानाचा. तो मी ड्रॉवरमधून काढला.

मग कॉम्प्युटरवर बसून मी त्या फोटोतून नवरीला काढून टाकलं. त्यानंतर नवरदेवाला काढून टाकलं. चांगलं वाटलं, खोटं कशाला बोलू. 'काढून टाका' म्हणायला काय वाटतं ते तेव्हा कळलं. पण सगळाच निघेना. अप्पांच्या बोटांत पाकीट आहे आणि पाकिटाचं दुसरं टोक त्याच्या हातात. तो हात कापायचा तर अप्पांची बोटं कापावी लागली असती. म्हणून तेवढा ठेवला. भिंतीवरच्या फोटोत कडेनं एक हात आत आलेला आहे, करंगळीशेजारी पुष्कराजाची ठसठशीत अंगठी, आणि तो पाकीट घेतो आहे.

अप्पा गेल्याला वर्ष झालं असेल. एका दुपारी तोच नवरदेव स्टुडिओत आला. परदेशात जायचं होतं, व्हिसासाठी फोटो हवे होते. मला बघून त्याला लग्न आठवलं, अल्बम अजून छान आहे म्हणाला. फोटो काढून झाल्यावर प्रिंट निघेपर्यंत भिंतीवरचे फोटो बघत उभा राहिला. अप्पांच्या फोटोपुढं थांबला. हार घातलेला होता, तरी जवळ जाऊन निरखून बघितला.

"काय फोटो आलाय हो," तो म्हणाला. "चेहरा बघा, नुसता जिवंत. कॅमेरा कुठला होता?"

मी म्हटलं, माझा पहिला डिजिटल. साधा, बजेटमधला.

"मलाही एक घ्यायचाय. सांगा ना नाव."

मी सांगितलं. त्यानं खिशातून पेन काढलं आणि व्हिसाच्या फोटोंच्या पाकिटावर नाव लिहून घेतलं. लिहिताना अंगठी चमकत होती, करंगळीच्या शेजारी, पुष्कराजाची. कॅमेऱ्याचं नाव त्यानं एकदा परत विचारून खात्री करून घेतली. फोटोतल्या माणसाचं नाव विचारलं नाही.